चैत्रातली संक्रांत

ऊस तुटून गेला की आमच्या भागात रानं पेटवतात. तोडणीनंतर मागं पडलेला वाळका पाला, म्हणजे पाचट, कुजवत बसायला कुणाला सवड नसते. काडी लावली की काम झालं. चैत्रातल्या उतरत्या उन्हात कळंब्याच्या बाजूनं धूर उठतो आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी, लांबट, हलकी पानं येऊन बसतात. झटकायला जावं तर ती बोटाखाली मोडतात आणि कापडावर काजळाची रेघ ओढून जातात. चादर पुन्हा धुवावी लागते. पुन्हा वाळत घातली की पुन्हा तेच.

गेल्या आठवड्यात याच कारणावरून मी आमच्या मागच्या रानाच्या मालकाशी भांडले. बांधावर जाऊन भांडले. तो बिचारा हातातली फांदी आपटत जाळ आवरत होता आणि मी त्याला प्रदूषणाचा धडा शिकवत होते. तो म्हणाला, "बाई, माझ्या आज्ज्यापासनं पेटवतोय आमी. तुमी काल घर बांधलंय हितं." त्याचं खरं होतं. घरी आल्यावर नवरा शांतपणे म्हणाला, "चैत्र लागला की तू माणसांच्या अंगावर जातेस. दोन वर्षं बघतोय मी."

त्यानं बरोबर ओळखलं होतं. मला राग रानाचा येत नाही, धुराचाही नाही. पण त्या वासाबरोबर एक परका गाव, एक लाकडी व्हरांडा आणि त्यात इस्त्रीचा शर्ट घालून बसलेला एक मुलगा डोळ्यांपुढं येतो, आणि मग समोर जो असेल त्याच्यावर माझा तोल जातो.

मी भूगोल शिकवते. खिळ्याला नकाशा टांगायचा, लाकडी पट्टीनं नद्या दाखवायच्या, सरहद्दी म्हणजे काय ते सांगायचं. वर्गात मी सगळं जग फिरून आलेले असते आणि प्रत्यक्षात बेळगावच्या खाली उतरलेली नव्हते. त्या वर्षी दहावीचे पेपर तपासून संपले आणि मी रजा टाकली. थायलंडचं स्वस्तातलं तिकीट काढलं, राहायला वसतिगृहासारख्या खोल्या बघितल्या, पाठीवरची एक पिशवी घेतली. घरात कुणालाही ते पटलं नाही. दीर म्हणाले, "टूरबरोबर जा की वहिनी. जेवण मराठी देतात." सासूबाईंनी मी निघेपर्यंत देवापुढचा दिवा विझू दिला नाही. स्टाफरूममध्ये एक सर डोळा बारीक करून म्हणाले, "थायलंड काय? मॅडम, तिकडं पुरुषमाणसं जातात." मी सगळ्यांवर चिडूनच विमानात बसले. त्या प्रवासाचा पहिला घोटच कडू होता.

आणि तिकडं गेल्यावर तो गोड झाला, असंही नाही. बँकॉकच्या विमानतळावर माझ्या पुढची गोरी मुलगी हसून पलीकडं गेली. मला मात्र काचेमागच्या माणसानं परतीचं तिकीट, राहण्याचा पत्ता, नवऱ्याचं नाव, सगळं विचारलं. एकटी का, हे दोनदा विचारलं. मी गावातल्या चावडीवर उभी असल्यासारखी उत्तरं देत राहिले. बाहेर पडले तर उकाडा असा, की कुणीतरी ओलं घोंगडं तोंडावर दाबून धरावं. रिक्षावाले गोऱ्यांमागं धावायचे आणि माझ्याकडं बघून मान फिरवायचे, कारण ही घासाघीस करणार हे त्यांना कपड्यांवरूनच कळायचं. मी करायचेच घासाघीस. पर्यटनाच्या पुस्तकात या देशाला हसऱ्या माणसांचा देश म्हटलेलं होतं. ते हसू माझ्या वाट्याला येईपर्यंत संपलेलं असायचं.

उत्तरेकडं चियांग माईला मी दिवसाच्या बिनगादीच्या रेल्वेगाडीनं गेले. खिडक्या उघड्या, दोन्ही बाजूंना भाताची रिकामी रानं, आणि जसजशी गाडी वर जाईल तसतसा तो वास. जळत्या पाल्याचा. मी चमकून ताठ बसले. समोरच्या बाकावरची म्हातारी तोंडाला फडकं बांधून झोपली होती आणि तिच्या पांढऱ्या केसांत एक काळं पान येऊन अडकलं होतं. एवढ्या लांब येऊन शेवटी आपल्याच धुरात बसायचं होतं तर, असं मनात आलं. तिकडंही त्या महिन्यात रानं आणि डोंगर जाळतात. पुस्तकात ज्या डोंगरांचे फोटो होते ते मला एकदाही दिसले नाहीत. दिवसभर आभाळ राखेचं असायचं आणि सूर्य म्हणजे चघळून टाकलेली लाल गोळी.

माझी खोली एका गल्लीतल्या लाकडी घरात होती. एकावर एक पलंग, मी वरच्या पलंगावर. मालकीण पन्नाशीची, पातळ ओठांची बाई. पहिल्याच दिवशी मी ओढणी आणि कुर्ता व्हरांड्याच्या कठड्यावर वाळत टाकला, तर तिनं काठीच्या टोकानं उचलून माझ्या हातात आणून दिला. भिंतीवर पाटी होती, उग्र वासाचं जेवण खोलीत खाऊ नये. पाटी सगळ्यांसाठी होती, पण ती बोट ठेवून वाचून दाखवली मला एकटीलाच. माझ्या पिशवीत मेतकूट, लसणाची चटणी आणि भडंग होतं. मी ते अंगणातल्या आंब्याखाली बसून, मुद्दाम तिला दिसेल असं खाल्लं.

त्यांचा सण आला होता. सोंगक्रान. शब्द नीट ऐकला की आतून आपला संक्रांत शब्द ऐकू येतो. सूर्य मेषेत जातो तो दिवस, त्यांचं नवं वर्ष. आपल्याकडं मकरेतली संक्रांत तिळगुळाची. पण घरावर काही ओढवलं की आपणच म्हणतो, संक्रांत आली. एकाच शब्दात सण आणि अरिष्ट दोन्ही ठेवणारी आपली भाषा किती सावध आहे, हे मला तिथं कळायचं होतं.

सणाच्या सकाळी मी गल्लीच्या तोंडाशी पोचले आणि एका चालत्या गाडीवरून डोक्यावर पिंपभर बर्फाचं पाणी पडलं. बर्फाचं पाणी पडलं की माणूस आधी शिवी देतो आणि मग श्वास घेतो. वर्गात मी शुद्ध बोलते, पण शिवी आली ती थेट कोल्हापूरच्या गंगावेशीतली. गाडीवरची पोरं खूश होऊन टाळ्या पिटू लागली. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, त्यास्नी कळत न्हाय. ती म्हणत असत्याल, बाई आशीर्वाद द्यायला लागल्या."

आमच्याच वसतिगृहाच्या पायरीवर तो उभा होता. कोरडा ठाक. उभट चेहरा, तेल लावून बसवलेले केस, फिकट निळा इस्त्रीचा शर्ट. रणजित. गडहिंग्लजच्या पलीकडचं खेडं. मी त्या परक्या गावात पहिल्यांदाच मनापासून हसले असेन.

"तू का बाहेर येत नाहीस?"

"शर्ट भिजंल की. दोनच हायेत चांगले. परवा गाडी येणार हाय कंपनीची."

मग हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी, त्याची हकीकत कळली. आयटीआय झालेला. कोल्हापुरात कारखान्यात ठेक्यावर होता; वर्ष भरायच्या आत कामावरून कमी करायचे, महिन्यानं पुन्हा घ्यायचे. घरी थोडा ऊस, दोन म्हशी. वय उलटत चाललं होतं आणि शेतकरी म्हटल्यावर कुणी मुलगी देत नव्हतं. मग ओळखीच्या ओळखीतनं एक एजंट भेटला. परदेशात कॉम्प्युटरवरचं काम, राहणं-खाणं कंपनीचं. विमानाचं तिकीटही त्यांनीच काढलेलं. सणामुळं गाड्या बंद होत्या म्हणून त्याला इथं थांबवून ठेवलं होतं. परमिटचा शिक्का मारायला म्हणून पासपोर्ट एका माणसानं आधीच नेला होता.

तेव्हाच मला खटकायला हवं होतं, असं कुणी म्हणेल. खटकलं होतं. पण दोन दिवस गावाकडच्या माणसाशी बोलायला मिळतंय, या सुखात मी ते बाजूला सारलं.

ते दोन दिवस त्या महिन्यातले एकमेव चांगले. पुस्तकी माणसाला आपण प्रवासाला का आलो हे जागेवर गेल्यावर सांगता येत नाही. रणजितला मात्र प्रत्येक गोष्टीचं नवल होतं. जुन्या शहराभोवती चौकोनी खंदक आहे, त्यात दोरीनं बादल्या सोडून लोक पाणी शेंदत होते. तो म्हणाला, "आमच्या हिरीवर मोटर बसल्यापासनं पाणी शेंदलं न्हाय मी." आणि शर्ट काढून, घडी करून, माझ्या पिशवीत ठेवून बनियनवर उतरला. अशी बादली मारायचा, की गाडीवरचं अख्खं टोळकं गप्प व्हायचं. देवळाच्या अंगणात लोक वाळूचे ढीग करून त्यावर रंगीत कागदी निशाणं खोचत होते. वर्षभर पायाला लागून देवळाबाहेर गेलेली वाळू अशी परत आणून द्यायची असते म्हणे. तिथं ओट्यावर बसलेल्या एका म्हातारीनं चांदीच्या वाटीतलं मोगऱ्याचं पाणी त्याच्या खांद्यावर ओतलं आणि काहीतरी पुटपुटली. त्यानं नकळत चपला काढल्या होत्या. मान वर केली तेव्हा डोळे ओले होते, म्हणाला, "धूर लई हाय इथं."

त्याचा फोन भिजून बंद पडला. म्हणून माझ्या फोनवरून तो आईशी बोलला, तिनं फोन मलाही द्यायला लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "बाई, तुमी हाय तिथं म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं बगा. ह्यो लई भोळा हाय. जेवतोय काय?" मी म्हटलं, जेवतोय. ती म्हणाली, "तुमच्या म्होरं जेवतोय न्हवं? मग झालं."

सणाच्या शेवटच्या दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो होतो. त्याचा फोन तांदळात ठेवून सुकवल्यावर चालू झाला होता. त्यानं मला कंपनीचे फोटो दाखवले. काचेची उंच इमारत, पोहायचा तलाव, रांगेत मांडलेले कॉम्प्युटर. मग एजंटनं पाठवलेली जागा दाखवली, नकाशावरचा एक लाल ठिपका. मी सवयीनं दोन बोटांनी नकाशा मोठा केला. सवयीनंच आधी नदी शोधली.

"रणजित, ही नोकरी कुठल्या देशात आहे म्हणालास?"

"थायलंडमधीच की."

"ही बघ नदी. हिचं नाव मोई. ही सरहद्द आहे. अलीकडं थायलंड, पलीकडं म्यानमार. तुझा ठिपका पलीकडं आहे."

तो बघत राहिला. मी आणखी मोठं करून दाखवलं. ठिपक्याभोवती ना गाव, ना शाळा. नुसत्या मोठमोठ्या चौकोनी इमारती आणि कुंपण. अशा जागांबद्दल मी वाचलं होतं, ते सांगितलं. नेलेली पोरं बाहेर येत नाहीत. आत बसवून त्यांच्याकडून लोकांना फसवायची कामं करून घेतात. ऐकलं नाही तर मारतात.

त्याचा चेहरा बदलला. भीती वाटली असती तर बरं झालं असतं. तो चिडला.

"मॅडम, तुमची नोकरी पक्की हाय. पगार बँकेत पडतोय. तुमाला फिराय यायचं, फोटो काढायचं. मला घरी जाऊन काय करायचं ते सांगा की आदुगर."

"घरी जा, एवढंच सांगतेय."

"घरी. सगळा गाव सोडायला आलता स्टँडवर. आता सणात पाणी खेळून आलो म्हणून सांगू?"

त्यानं फोन माझ्या हातातून ओढून घेतला. जाताना वळून म्हणाला, "नकाशे पोरांस्नी शिकवा." ज्या पोरानं दोन दिवस माझी पिशवी वाहिली, त्याच्या तोंडून आलेलं ते वाक्य अजून माझ्या कानाखाली चपराक बसल्यासारखं बसलेलं आहे.

सकाळी मी त्याच्या आईला फोन लावला. नंबर माझ्याकडं होताच. मी जे सांगितलं ते तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, हे खरं हाय काय तुमच्या टकुऱ्यातलं हाय?" मी म्हटलं, मला पुरावा देता येणार नाही. ती म्हणाली, "गाडी आली की मला लावा."

गाडी आली. पांढरी, काळ्या काचांची. उतरलेला माणूस तरुण, नीटनेटका, इंग्रजी बोलणारा. त्यानं रणजितला नावानं हाक मारली, पाठीवर हात ठेवला, पिशवी मागं टाकली. मी पुढं जाऊन विचारलं, नदीच्या कुठल्या बाजूला नेताय याला? तो हसला. म्हणाला, तुम्ही याच्या कोण? मी म्हटलं, शिक्षिका. तो आणखी हसला. रणजित गाडीत बसला होता आणि माझ्याकडं बघत नव्हता.

मी फोन लावला, आवाज मोठा केला आणि गाडीच्या उघड्या दारात धरला.

"रंज्या," चियांग माईच्या त्या गल्लीत गडहिंग्लजकडचा आवाज घुमला. "म्हस इकताना सुदीक मी गिऱ्हाईक बगून दावं हातात देते. तुला कुणाच्या हातात दिऊ मी? उतर खाली."

"आये, तू गप बस. त्या बाईचं ऐकू नगोस."

"मी बाईचं ऐकत न्हाय. मी तुला इचारते, तुझा पासपोर्ट कुठं हाय? तुझ्या खिशात हाय काय?"

रणजित त्या माणसाकडं वळला आणि आपल्या मोडक्या इंग्रजीत पासपोर्ट मागितला. पोचल्यावर देतो, असं उत्तर आलं. त्यानं पुन्हा मागितला. या वेळी त्या माणसाचं हसू डोळ्यांतून गेलं, नुसतं ओठांवर राहिलं. आणि तेव्हा आमची ती पातळ ओठांची मालकीण, हातात अंगण धुवायची पाण्याची नळी तशीच वाहती ठेवून, गाडीच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. खिशातून फोन काढून तिनं गाडीच्या नंबराचा फोटो घेतला. मग थाईमध्ये दोनच वाक्यं बोलली. मला कळली नाहीत. त्या माणसाला कळली. त्यानं खणातून पासपोर्ट काढून रस्त्यावर टाकला. रणजित तो उचलायला उतरला आणि दार बंद झालं. जाताना त्या माणसानं काच खाली करून माझा फोटो काढला. सावकाश, नीट चौकटीत बसवून.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. प्रत्येक पांढऱ्या गाडीकडं पाठ करून उभी राहायचे. देवळं बघितली, बाजार बघितले, एकाचंही नाव आठवत नाही. रणजित त्याच दुपारी बँकॉकच्या बसमध्ये बसला. मी पाण्याची बाटली पुढं केली, ती त्यानं घेतली नाही. मालकिणीचे आभार मानायला गेले तर तिनं माझे कठड्यावर वाळत घातलेले कपडे गोळा करून हातात दिले.

घरी आले. विमानतळावर घ्यायला आलेला नवरा म्हणाला, काळी पडलीस. स्टाफरूममधल्या सरांनी विचारलं, "काय मॅडम, पटाया केलं का?" मी त्यांच्याशी त्या दिवसापासून बोलत नाही. शाळा सुरू झाली, पाऊस झाला, पंचगंगा वर येऊन खाली गेली. एका मुलाला आपण ओढून काढलं, या विचाराची ऊब मी गुपचूप घेत होते. वर्गात सरहद्दीचा धडा शिकवताना आवाज जरा जास्तच ठाम लागायचा.

दसऱ्याच्या सुमारास रणजितचा फोन आला. नमस्कार नाही, काही नाही.

"सागर गेला. माझ्या चुलत्याचा पोरगा. त्याच एजंटनं नेला. माझी जागा मोकळी हुती न्हवं, तिथं ह्याला घातला. महिना झाला, फोन न्हाय त्याचा. तुमी माझी जागा मोकळी केलीसा मॅडम. मी गेलो असतो तर ह्यो गेला नसता."

मी काही बोलायच्या आत फोन बंद झाला. मी परत लावला, तर त्यानं माझा नंबर अडवून ठेवला होता.

त्या हिवाळ्यात मी फार वाईट वागले. वर्गात एका मुलीनं म्यानमार नकाशावर चुकीच्या जागी दाखवला म्हणून तिला बाकावर उभं केलं. घरात ताट आपटलं. रणजितचं गणित चुकीचं आहे हे मला कळत होतं. मी कुणाला पाठवलं नव्हतं. पण एक जागा मोकळी झाली होती, हेही खरंच होतं, आणि ती कुणीतरी भरली होती. बरं काम केल्याचा असा जाब द्यावा लागतो, हे कुठल्या शास्त्रात बसतं? मी त्या एजंटचा द्वेष करायला हवा होता. पण त्याचा चेहरा मी बघितलेला नव्हता; मग मी रणजितचा केला, त्याच्या आईचा केला, त्या हसऱ्या देशाचा केला.

सरकारनं तिथल्या कोंडलेल्या मुलांना विमानानं परत आणलं, तेव्हा त्यात सागर होता. हे मला रणजितच्या आईनं कळवलं. "पोरगं आलं बाई," एवढंच. आणि यंदा, पाडवा झाल्यावर, तिचा पुन्हा फोन आला. रणजितचं लग्न जमलं होतं. "तुमी एकदा येऊन जावा. घर बगितलं न्हाय आमचं."

मी एसटीनं गेले. गावाबाहेर दोन भावांची लागून घरं, मध्ये एक अंगण, गोठा. आईनं पाय धुवायला पाणी दिलं, खुर्ची मांडली. अंगणात एक बारीक मुलगा शेंगा फोडत बसला होता. तिनं ओळख करून दिली, "ह्यो सागर. आन ह्या बाई. रंज्याला तिकडं भेटल्या हुत्या."

सागर मोठ्यानं बोलायचा, ओरडल्यासारखा. डाव्या कानाचं तिकडं वाटोळं झालं होतं, त्यामुळं आपला आवाज केवढा जातो ते त्याला कळत नव्हतं. मी काही न विचारता तोच सांगू लागला. "माझं नाव तिथं पूजा हुतं मॅडम. दिसभर पूजा म्हणून लोकास्नी गोड गोड लिवायचं. लई जण म्हणायचे, पूजा तू कवा भेटणार. गिऱ्हाईक न्हाय गावलं की रातचं जेवाण बंद. मी एका म्हाताऱ्याला खरं काय ते लिवलं, तवा मारलं." त्यानं कानाकडं बोट केलं आणि शेंग फोडली. त्याच्या आवाजात कुणाबद्दलही राग नव्हता. त्या अंगणात राग नसलेला तो एकटाच होता.

रणजित धारेची बादली घेऊन गोठ्यातून आला. मला बघून थांबला. मान हलवली नाही, पुढंही आला नाही.

सागर त्याच्याकडं बघून म्हणाला, "ह्याचं नशीब बगा. परमिटचा घोळ झाला आन ह्यो माघारी आला. माझा बी घोळ झाला असता तर."

मला क्षणभर काही कळलं नाही. मग सगळं कळलं. रणजितनं गावात नदीचं काही सांगितलंच नव्हतं. पासपोर्टचं, गाडीचं, काही नाही. घाबरून परत आला असं कुणी म्हणू नये म्हणून परमिटचा घोळ सांगितला. आणि फोनवरून त्याला गाडीतून उतरवणारी त्याची आई, तीही गप्प बसली. शेजारच्या घरातलं पोर निघालं, तेव्हाही. मी तिच्याकडं पाहिलं. ती कपात चहा ओतत होती आणि वर बघत नव्हती.

"मॅडम," सागर म्हणाला, "तुमी तर तिथंच हुता. शिकल्यालं माणूस. तुमास्नी बी कळलं न्हाय व्हय, काय चाललंय ते?"

"कळलं होतं," मी म्हणाले.

"आं?"

त्याला ऐकू गेलं नव्हतं. मी फारच हळू बोलले होते. रणजितच्या आईनं कप पुढं केला. "बाई, च्या निवतोय." रणजित बादली खाली न ठेवता तसाच उभा होता. एवढ्यावर गप्प बसता आलं असतं. लग्न जमलेलं घर होतं, मी पाहुणी होते, संध्याकाळची गाडी होती.

मी खुर्ची उचलली, सागरच्या उजव्या हाताला नेऊन ठेवली आणि त्याला नीट ऐकू जाईल अशा आवाजात पहिल्यापासून सांगितलं. पाण्याचा सण सांगितला, पांढरी गाडी सांगितली. जमेल तेवढं मी रणजितला वाचवत होते. म्हटलं, त्याला काही माहीत नव्हतं, आईनं फोनवर हटकलं म्हणून तो उतरला.

"तसं न्हाय." बादली खाली ठेवल्याचा आवाज आला. रणजित माझ्याकडं बघत नव्हता, सागरकडंही नाही, कोरड्या, चिडक्या आवाजात म्हणाला, "आईचा फोन मागनं. त्याच्या आदल्या दिशी ह्येंनी मला नकाशा दावलाता. मला म्हाईत हुतं."